फोड भरत नाही, तरी तुकडा तपासणीला नकार का?

राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण पानठेल्यावर खर्रा आजही घोटून मिळतो. बंदीचं रडगाणं राहू द्या, तपासणीचं बोलू.

तीस वर्षांवरच्यांचं तोंड उपकेंद्रात फुकट तपासायचं, असा सरकारी कार्यक्रम आहे. टॉर्च लावून गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड तीन बोटंही न उघडणं, मानेला गाठ, असं काही दिसलं तर पुढं पाठवतात. आवाज बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाचा डॉक्टर दुर्बिणीनं घसा बघतो.

आपली माणसं अडतात ती यापुढं. डॉक्टरनं तुकडा काढायचं म्हटलं की घरचे म्हणतात, "हात लावला की कॅन्सर पसरते." हे खरं नाही. बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कॅन्सर पक्का सांगताच येत नाही. स्कॅन तो कुठवर गेला तेवढं दाखवतो. आणि आपण? सोयाबीन निघू दे म्हणत मेडिकलमधलं मलम लावत बसतो.

तुमच्या उपकेंद्रात तपासणीचा वार कोणता, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. फलकावर नसेल तर लिहायला लावा.