कुंपणाची रेषा आणि गर्दीचा न्याय

न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना सुरू होता. पहिल्याच डावात यांकीजच्या ग्लेबर टोरेसने उंच मारलेला चेंडू डॉजर्सच्या मूकी बेट्सने कुंपणाशी उडी घेऊन झेलला. पुढच्याच क्षणी यांकीजच्या एका समर्थकाने बेट्सचा ग्लोव्ह धरून चेंडू बाहेर काढला. पंचांनी टोरेसला बाद दिले. दोघा प्रेक्षकांची स्टेडियमबाहेर रवानगी झाली. निर्णय सोपा होता. परंतु प्रेक्षकांच्या हस्तक्षेपाचा नियम नेहमीच इतका सोपा नसतो.

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षक कुंपणावरून हात लांबवून प्रेक्षकांतला चेंडूही झेलू शकतो. मात्र तेथे तो स्वतःच्या जबाबदारीवर जातो. प्रेक्षकाने आधी चेंडू पकडला, तर त्याला दाद मागता येत नाही. याउलट प्रेक्षकाचा हात मैदानाच्या बाजूला आला आणि त्यामुळे स्पष्टपणे झेल हुकला, तर फलंदाज बाद ठरतो. इतर प्रसंगी, हस्तक्षेप झालाच नसता तर काय घडले असते, याचा अंदाज पंचांनी बांधायचा असतो.

दोन जुन्या घटना या संदर्भात बोलक्या आहेत. ९ ऑक्टोबर १९९६ रोजी डेरेक जीटरने मारलेला चेंडू बारा वर्षांच्या एका मुलाने कुंपणावरून हात पुढे करून मागे ओढला. पंच रिच गार्सिया यांनी होम रन दिली. चित्रफीत पाहिल्यावर हस्तक्षेप झाल्याचे त्यांनी मान्य केले, पण तोवर उशीर झाला होता. बाल्टिमोर ओरिओल्सची तक्रार फेटाळली गेली. यांकीज जिंकले आणि न्यूयॉर्कने त्या मुलाला डोक्यावर घेतले.

१४ ऑक्टोबर २००३ रोजी शिकागोत नेमके उलटे घडले. कब्स संघ ३-० असा आघाडीवर होता. मोइझेस अलू झेलण्यासाठी झेपावला असता एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला. चेंडू प्रेक्षकांच्या बाजूला आला होता. म्हणून पंचांनी हस्तक्षेप मानला नाही. त्यानंतर कब्सच्या शॉर्टस्टॉपने सोपा चेंडू सोडला, फ्लोरिडा मार्लिन्सने त्याच डावात आठ धावा केल्या आणि कब्स हरले. तरीही सारा रोष त्या प्रेक्षकावर निघाला. त्याला सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर न्यावे लागले.

नियमानुसार पहिला दोषी होता, दुसरा निर्दोष. गर्दीने मात्र धावफलक पाहून निवाडा केला. आज पंचांच्या मदतीला चित्रफितीद्वारे फेरतपासणीची सोय आहे. त्यामुळे १९९६ सारखी चूक दुरुस्त होऊ शकते. गर्दीच्या निवाड्यावर मात्र अशी फेरतपासणी नाही. कब्सने २०१६ मध्ये विजेतेपद मिळवल्यावर पुढील वर्षी त्या प्रेक्षकाला विजेतेपदाची अंगठी दिली. पंचांनी क्षणात दिलेला न्याय त्याच्या पदरात पडायला चौदा वर्षे लागली.