शेजारी डाव मांडला गेला तेव्हा

1978 साली अटलांटिक सिटीत पहिला कॅसिनो उघडला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा जुगार जणू या एकाच गावाच्या मालकीचा झाला. 2006मध्ये तिथल्या कॅसिनोंचे उत्पन्न 5.2 अब्ज डॉलरवर गेले. त्याच वर्षाअखेरीस शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने स्वतःचे कॅसिनो सुरू केले. तिथल्या फिलाडेल्फिया शहराचे गिऱ्हाईक घराजवळच थांबू लागले.

2014मध्ये अटलांटिक सिटीतल्या चार कॅसिनोंना टाळे लागले. सुमारे आठ हजार माणसे बेकार झाली. खोल्या आवरणाऱ्या, ताटे उचलणाऱ्या हातांचे संसार उघड्यावर आले.

शेजाऱ्याने डाव मांडल्यावर काय होते ते हे असे. म्हणूनच महाराष्ट्राने 1976चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा 2023मध्ये रद्द केला, हे योग्यच झाले. महसुलासाठी शेजारच्या गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या कॅसिनो-जहाजांशी चढाओढ करा, असा आग्रह पुन्हा झालाच, तर सरकारने तो मानू नये.