तासाभराचे उड्डाण, अर्ध्या दिवसाचा प्रवास

पूर्व आफ्रिकेत व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या ओसवाल जैन कुटुंबांना मोंबासा आणि नैरोबी ही दोन शहरे घरअंगणासारखी परिचित आहेत. एक केनियाचे मोठे बंदर, दुसरी राजधानी. माल उतरतो मोंबासाच्या गोदीत आणि त्याचा धनी पुष्कळदा बसलेला असतो नैरोबीच्या पेढीवर. त्यामुळे या दोन शहरांमधील अंतर हा केवळ भूगोलाचा नव्हे, तर हिशेबाचाही विषय ठरतो.

दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते अर्ध्या तासात संपावे. पण वेळापत्रकात जवळजवळ एक तास दाखवलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून थांबेपर्यंतचा काळ त्यात धरतात. शिवाय एवढ्या छोट्या पल्ल्यात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. पूर्ण वेगाने उडण्यास फार थोडा अवधी मिळतो.

खरी चूक मात्र प्रवाशाच्या हिशेबात होते. समजा, एका व्यापाऱ्यास शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मोंबासाच्या गोदीत कागदपत्रांसह हजर राहावयाचे आहे. ‘तासाभराचा तर प्रवास’ म्हणून तो साडेनऊचे विमान निवडतो. साडेदहाला विमान उतरते. सामान मिळण्यात आणि वाहन ठरविण्यात अर्धा तास जातो. मोंबासा शहर बेटावर, तर विमानतळ मुख्य भूमीवर. मधल्या रस्त्यावर मालमोटारींची रांग. तो पोहोचतो तेव्हा ठरलेली वेळ टळून गेलेली असते. काम सोमवारवर गेले, तर सवलतीची मुदत संपलेल्या कंटेनरवर साठवणुकीचे शुल्क दिवसागणिक चढते. अर्ध्या तासाची चूक तीन दिवसांचा खर्च होऊन बसते.

म्हणून हिशेब उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत करावा. घरून विमानतळ एक तास, तपासणीसाठी दीड तास, उड्डाण एक तास, पुढे शहरात पोहोचण्यास एक तास : एकूण साडेचार तास. २०१७ साली सुरू झालेली नवी रेल्वे सुमारे पाच तास घेते. दोन्ही टोकांची ये-जा आणि तपासणी धरली तर सात-साडेसात. रस्त्याने जवळजवळ ४८० किलोमीटर. त्यास आठ तास किंवा अधिकही लागतात. दुपारच्या गाडीने निघणाऱ्या चौविहार पाळणाऱ्यांनी शिदोरी सोबत ठेवावी. विषुववृत्त जवळ असल्याने तेथे बाराही महिने साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्यास्त होतो आणि तेव्हा गाडी वाटेतच असते.

याच वाटेवर १८९६ मध्ये मोंबासाहून रेल्वेचे रूळ टाकण्यास आरंभ झाला आणि १८९९ मध्ये ते नैरोबीच्या जागी पोहोचले. हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांनी ते काम केले. कित्येकांनी तेथेच प्राण ठेवले. त्यांना जे अंतर कापण्यास तीन वर्षे लागली, ते आज तासाभरात ओलांडता येते. वेग वाढला, वेळेचा विवेक मात्र प्रवाशाला स्वतःच बाळगावा लागतो. तिकिटावर छापलेला काळ विमानाचा असतो. आपला काळ घराचे दार ओढून घेतल्यापासून मोजावा.