नळी आयात होते, हात होत नाही

यंत्र विकत घेतले की विद्या आपोआप येते, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात घट्ट बसली आहे. संगणकावर चालणारी यंत्रे आणा, नळ्या मागवा, सुटे भाग जुळवा. झाली बंदूक तयार! या मंडळींनी मोठ्या कॅलिबरची बोल्ट ॲक्शन शिकारी रायफल मागणीनुसार कशी घडते, हे एकदा समजून घ्यावे.

लंडनच्या रिग्बी कंपनीचे .४१६ काडतूस १९११ सालचे. गोळी ४१० ग्रेनची. उष्ण प्रदेशात कॉर्डाइट दारूचा दाब वाढून रिकामे काडतूस चेंबरमध्ये अडकू नये, म्हणून त्याचे कवच मुद्दाम ऐसपैस ठेवले. परिणामी लांबी सुमारे ९५ मिलिमीटर झाली. माउझर ९८ची नेहमीची यंत्रणा सुमारे ८२ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसासाठी बेतलेली. त्यामुळे जर्मनीतून खास लांब ‘मॅग्नम’ यंत्रणा आणावी लागे. खरे काम त्यानंतरचे! मॅगझिनच्या ज्या कडा काडतूस धरून ठेवतात, त्या कानशीने थोड्या थोड्या घासाव्या लागतात. जास्त घासल्या तर काडतूस वर उसळते, कमी घासल्या तर चेंबरच्या तोंडाशी अडते. रानरेडा अंगावर येत असता अडलेले दुसरे काडतूस म्हणजे शिकाऱ्याचा अंत. यंत्रणेचा टेका लाकडाच्या खाचेत फट न ठेवता बसला नाही, तर धक्क्याने अक्रोडाचा दस्ता चिरतो. हे कोणते यंत्र शिकवणार?

इंग्रजांनी १८७८च्या शस्त्र कायद्याने आपले हात बांधले. १९०७ साली त्यांनी .४५० कॅलिबर हिंदुस्थानात निषिद्ध केले, तेव्हा त्यांच्याच कारागिरांनी .४७० सारखी नवी काडतुसे काढून धंदा चालू ठेवला. बंदी आमच्यावर, विद्या त्यांच्याकडे! स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९५६च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारसाठी राखून ठेवली. मीर कासिमच्या काळापासून बंदुका घडवणारे मुंगेर बारा बोअरच्या एकनळी-दुनळीवर अडकून पडले. आज त्या गावाचे नाव वर्तमानपत्रात येते ते बेकायदा कट्ट्यांसाठी.

‘शिकारच बंद, मग ही विद्या हवी कशाला?’ असे विचारले जाईल. १९७२चा वन्यजीव कायदा योग्यच आहे. वाघ जगलाच पाहिजे. पण .३३८ लापुआ मॅग्नम हे आजचे स्नायपर काडतूस याच रिग्बीच्या कवचावरून निघाले आहे. शिकाऱ्याच्या रायफलीतली विद्या सैनिकाच्या रायफलीत उतरली, आणि २०१९मध्ये आपल्या जवानांसाठी आपण त्या कॅलिबरच्या रायफली इटलीच्या बेरेटाकडून आणल्या.

खासगी उद्योगाला संरक्षण उत्पादनाचे दार २००१ साली उघडले. बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्सने .३३८ची बोल्ट ॲक्शन रायफल घडवूनही दाखवली. मग मुंगेरच्या पिढीजात कारागिराला परवानाधारक कारखान्यात, देखरेखीखाली, रायफल घडवायला शिकवण्यास सरकारी बाबूंची नेमकी हरकत काय आहे?