अंतर जुळवताना

जुन्या कॅमेऱ्याचा विषय निघाला की मराठी माणूस प्रथम हळवा होतो. लग्नाचा आल्बम, छत्तीस फोटो पुरवून पुरवून वापरणारे काका, रोल धुऊन येईपर्यंतची हुरहूर, आणि शेवटी 'ते दिवस राहिले नाहीत' असा उसासा. दुसरीकडे तरुण मंडळी तोच कॅमेरा गळ्यात अडकवून पवनेच्या काठावर उभी राहतात आणि स्वतःचे फोटो काढवून घेतात, तेही मोबाइलवर. पहिल्या प्रकारात कॅमेऱ्याचे श्राद्ध घातले जाते, दुसऱ्यात त्याचा दागिना होतो. वापरला तो कुठेच जात नाही. रेंजफाइंडर जातीचा जुना कॅमेरा आजही वापरण्याची वस्तू आहे, असे आमचे मत आहे. ते आम्ही त्याच्या रचनेच्या आधारे मांडू इच्छितो. मराठीच्या अध्यापकांनी या विषयात नाक खुपसण्याचे कारणही त्या रचनेतच सापडेल.

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. कॅमेऱ्याच्या कपाळावर थोड्या अंतराने दोन झरोके असतात. एकातून समोरचे दृश्य सरळ डोळ्यात येते. दुसऱ्यातून आलेली प्रतिमा आत फिरत्या आरशावरून किंवा लोलकावरून वळून अर्धपारदर्शक आरशावर पडते आणि पहिल्या दृश्याच्या मध्यभागी फिकट ठिपक्यासारखी उमटते. भिंग योग्य अंतरावर नसेल तर त्या ठिपक्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. एका झाडाची दोन झाडे, एका माणसाची दोन माणसे. भिंगाचे कडे फिरवत न्यावे तशी दुसरी प्रतिमा सरकत पहिलीकडे येते आणि एका क्षणी तिच्यावर नेमकी बसते. तेवढे अंतर भिंगाने ओळखलेले असते. शाळेत शिकलेली त्रिकोणमितीच ही. फक्त येथे ती बोटांनी करायची असते.

या रचनेचे दोन परिणाम आम्हांला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की पाहणारा डोळा आणि चित्र घेणारे भिंग यांच्या जागा वेगळ्या असतात. जवळच्या वस्तूच्या बाबतीत हा फरक चित्रात उतरतो. भिंगावर झाकण तसेच राहिले तरी झरोक्यातून दृश्य स्वच्छच दिसते, ही या कॅमेऱ्यावरची जुनी थट्टा आहे. कथनमीमांसा शिकवणाऱ्याला यात हसण्यापेक्षा अधिक काही सापडेल. लेखक आणि निवेदक एक नव्हेत, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. हा कॅमेरा ते हातात ठेवतो. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, दृश्य भिंगातूनच डोळ्याकडे येते. पण कळ दाबताच आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. जो क्षण फिल्मवर उतरतो नेमका तोच छायाचित्रकाराला दिसत नाही. रेंजफाइंडरमध्ये असा आरसा नसल्याने तो क्षण दिसत राहतो. आवाजही अर्थातच कमी होतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. ऑस्कर बार्नाकने घडवलेला लायका १९२५ मध्ये लाइपझिगच्या मेळ्यात लोकांपुढे आला. अंतरमापक भिंगाला थेट जोडला गेला तो १९३२ च्या लायका-२ मध्ये. हाती मावणारा, गर्दीत मिसळणारा हा कॅमेरा घेऊन हेन्री कार्तिए-ब्रेसाँ जगभर हिंडला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या मृत्यूच्या काही तास आधी तो त्यांना भेटला होता, आणि त्याच संध्याकाळी ती बातमी सांगणाऱ्या नेहरूंचे छायाचित्रही त्याने घेतले. पण लायका तेव्हाही महाग होता आणि आज तर त्याची किंमत आमच्यासारख्यांनी उच्चारूही नये. आम्ही वापरतो तो झोर्की-४, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा, म्हणजे लायकाच्या गरीब नातलगांपैकी. या नातलगांची कथा अध्यापकांनी ऐकावी अशी आहे. खार्किवमध्ये अनाथ, भटक्या मुलांची एक कम्यून होती. तिचा कारभार अंतोन माकारेंको या शिक्षक-लेखकाकडे होता. त्या मुलांच्या कारखान्यात १९३४ पासून लायका-२ ची नक्कल 'फेड' या नावाने तयार होऊ लागली. नाव मात्र सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून दिलेले! शिक्षणप्रयोग आणि गुप्त पोलीस एकाच यंत्राच्या जन्मपत्रिकेत असावेत, याला काय म्हणावे? असो. झोर्की पुढे १९४८ मध्ये त्याच घराण्यातून निघाला. प्रगती प्रकाशनाची स्वस्त मराठी पुस्तके ज्या देशातून आमच्या लहानपणी घरात आली, त्याच देशातून हा कॅमेराही आला. दोहोंची बांधणी सारखीच दणकट आणि ओबडधोबड.

झोर्कीत प्रकाश मोजण्याची सोय नाही. उन्हाचा अंदाज आपणच घ्यायचा. स्वच्छ ऊन असेल तर छिद्र सोळावर आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेएवढा, म्हणजे चारशेच्या फिल्मला सेकंदाचा पाचशेवा भाग, हा ठोकताळा. ढग दाटले की छिद्र वाढवत जायचे. मावळातील जुलैमध्ये हा ठोकताळा दर पाच मिनिटांनी नव्याने करावा लागतो. शिवाय भिंगाला बुरशी लागते. लोणावळ्याच्या पावसात कॅमेरा सांभाळणे म्हणजे लोणच्याची बरणी सांभाळण्यासारखे आहे: कोरडा हात, घट्ट झाकण आणि रोजची चौकशी.

गेले काही पावसाळे आम्ही हा कॅमेरा घेऊन औंढ्याला जातो. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीकडे आणि पुढे पवनानगरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. याच डोंगररांगेत लोहगड आणि विसापूर आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यानंतर या परिसराची चित्रे अधिकच फिरू लागली आहेत. धुके, धबधबा, बुरूज, पुन्हा धुके. या चित्रांत माणूस असलाच तर पाठमोरा पर्यटक असतो. भातखाचरात वाकून लावणी करणारी बाई त्यांत आली तरी हिरव्या रंगावर एक लाल ठिपका म्हणून येते. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपण डोंगरांविषयीची समजतो. ती खरे तर दुरून पाहणाऱ्याविषयीची आहे.

मावळ मराठी वाचकाच्या मनात उभा राहिला तो बव्हंशी गो. नी. दांडेकरांमुळे. तळेगाव दाभाड्याला राहून त्यांनी 'पवनाकाठचा धोंडी' लिहिली, राजमाचीचा 'माचीवरला बुधा' लिहिला. किल्ल्यांवर ते पायी हिंडले, कॅमेरा घेऊन हिंडले. दुर्गांची त्यांनी काढलेली छायाचित्रे पुढे पुस्तकरूपानेही आली. त्यांच्या मावळात रमणीयतेचा अंश अधिक आहे, हा आक्षेप आम्हीही वर्गात मांडतो आणि तो खोटा नाही. पण गोनीदांनी आपले अंतर चालून मोजले होते. हा आक्षेप घेणारे आम्ही मात्र ग्रामीण साहित्यावर प्रश्नपत्रिका काढतो, 'वास्तवाचे दर्शन' हा शब्दप्रयोग दरसाल करतो, आणि ते दर्शन किती अंतरावरून घेतले आहे हा प्रश्न विचारतच नाही. विद्यार्थी उत्तरात लिहितो की लेखक मातीशी एकरूप झाला आहे, आणि आम्ही गुण देतो. एकरूप होणे म्हणजे काय, ते दोन प्रतिमा जुळवताना कळते: कडे नेमके फिरले तरच त्या जुळतात, पुढे ढकलले की पुन्हा फाटतात, आणि जुळल्या तरी आपण समोरच्या माणसापासून तीन मीटर दूर उभे आहोत हे कड्यावर आकड्यांत लिहिलेले असतेच. मराठीने 'अंतर' या एकाच शब्दात दुरावा आणि अंतःकरण दोन्ही ठेवले आहेत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

एका पावसाळ्यात वर्गातील एका विद्यार्थिनीच्या हाती आम्ही कॅमेरा दिला. ती याच खोऱ्यातील. घरी इंद्रायणी भाताची शेती. अर्धा रोल तिचा, असे ठरले. ठिपक्यातल्या दोन प्रतिमा जुळल्या की ती हळूच "जुळलं, मॅडम" म्हणे आणि मगच कळ दाबे. धुऊन आलेल्या चित्रांत लोहगड एकदाही नव्हता. होते ते असे: मोटारीची पेटी, गावाबाहेर नवीन बंगल्याच्या कुंपणाला टेकवलेली सायकल, आईचे चिखलाने पांढरट झालेले पाय, विजेचा खांब, आणि एका खाचराच्या बांधावर रोवलेला प्लॉटच्या क्रमांकाचा दगड. सर्व चित्रे दीड-दोन मीटरवरून घेतलेली. आमच्या अर्ध्या रोलातील बहुतेक चित्रे पाच मीटरच्या पुढची. आम्ही ती दोन्ही वर्गात शेजारी ठेवली आणि त्या तासाला ग्रामीण कादंबरीवर जी चर्चा झाली तशी आधीच्या अनेक वर्षांत झाली नव्हती. आतल्याची नजर म्हणजे जवळची नजर, असा सोपा निष्कर्ष काही विद्यार्थ्यांनी काढला. तो तिनेच खोडून काढला. ती म्हणाली, जवळून काढले कारण दूर गेले की बंगले येतात.

आता मुख्य मुद्दा. मराठीत आपण फोटो 'काढतो', क्षण 'टिपतो'. पाखरू दाणे टिपते आणि उडून जाते. विहिरीतून पाणी काढले की ते आपल्या घागरीत येते. या दोन्ही क्रियापदांत परत देण्याची सोय नाही. औंढ्यात एका आजींनी हे आम्हांला व्याकरणावाचून सांगितले. त्या म्हणाल्या, "फोटू सगळीच काढत्यात बाबा, पुन्हा दावाया कोन येतंय?" मोबाइलवर काढलेले चित्र तिथेच दाखवता येते, आणि दाखवले की व्यवहार मिटतो, दोघेही मोकळे. फिल्मचे तसे नाही. चित्र आहे पण दिसत नाही, अशा अवस्थेत ते काही आठवडे राहते, आणि तोवर घेणारा देणेकरी असतो. रोल संपायला हवा, पुण्याला धुवायला जायला हवा, प्रत काढायला हवी, आणि मग ती घेऊन त्याच उंबऱ्यावर यायला हवे. हा उशीर आम्हांला या कॅमेऱ्याचा दोष वाटत नाही. आम्ही तो वापरण्याचे खरे कारण हा उशीरच आहे.

आजींना प्रत दिली तेव्हा त्यांनी आपल्या चेहऱ्याकडे फारसे पाहिले नाही. बोट ठेवले ते मागच्या खाचरावर. "ह्ये आमचं. आता तिथं भित हाय," एवढेच बोलल्या. दोन भेटींच्या मधल्या दोन महिन्यांत तेथे कुंपणाची भिंत उठली होती. विक्री कोणी केली, पैसे कुणाला मिळाले, हे आम्ही विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार एका छायाचित्राने मिळत नाही. प्रत त्यांनी देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावली. छापील तसबिरींची ही परंपराही जवळच्याच मळवलीची ऋणी आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईहून तेथेच हलला होता, आणि दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच लोणावळा परिसरात छपाईचे काम करीत होते. प्रतिमा घरोघर पोहोचवण्याचे या खोऱ्याला कौतुक नाही, सवय आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. डिजिटल चित्राचीही प्रत काढून देता येते. परत जाण्यासाठी सोव्हिएत लोखंड गळ्यात घालण्याची काय गरज? गरज नाही, हे मान्य. ज्याला परत जायचे आहे तो कोणत्याही कॅमेऱ्याने जाईल. फिल्ममध्ये काही आत्मा असतो, तिचे 'कण' अधिक सच्चे असतात, अशा भाबड्या बोलण्यावर आमचाही विश्वास नाही. फिल्म म्हणजे जिलेटिन आणि चांदीचे क्षार. तीही कारखान्यातच होते. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला, 'इंदू' नावाची कृष्णधवल फिल्म त्याने देशभर पोहोचवली, आणि डिजिटलच्या लाटेत तो बंदही पडला. आज एक रोल विकत घेणे, धुणे आणि स्कॅन करणे यांत हजार-दीड हजार रुपये सहज जातात. कंत्राटी अध्यापकाच्या मानधनात हे बसत नाही, हेही लिहून ठेवतो. म्हणून एक कॅमेरा तिघांत, आणि वर्षाला चार-पाच रोल. छत्तीस चित्रांची ही टंचाई कलेला उपकारक ठरते, असे कुणी म्हणाले तर आम्ही मान डोलावणार नाही. टंचाई ही टंचाईच. एवढे मात्र खरे की कुणासमोर उभे राहून कडे फिरवताना जे चार-पाच सेकंद जातात, त्यांत समोरच्याला नाही म्हणायला वेळ मिळतो. औंढ्यात दोघांनी तसे म्हटलेही, आणि ती दोन चित्रे आमच्याकडे नाहीत.

सध्या कॅमेऱ्यात अर्धा रोल आहे. लावणी सुरू झाली की त्या विद्यार्थिनीच्या आईला तिची पायांची प्रत द्यायची राहिली आहे. तिने मोठ्या आकारात मागितली आहे, आणि या खेपेला चेहऱ्यासकट काढा, असा निरोपही पाठवला आहे.