पेशी किती आल्या?

आमच्या मराठवाड्यात ‘पेशी’ हा शब्द पूर्वी कोर्टकचेरीचा होता. निजामी अमदानीत न्यायालयांचा कारभार उर्दूतून चाले, आणि ‘पेशी’ म्हणजे खटल्याची सुनावणी. गावाकडचा एखादा म्हातारा अजूनही ‘आज जालन्याला पेशी आहे’ असे म्हणत कागदांची पिशवी काखेत मारून निघतो. पावसाळा सरून दिवाळी जवळ आली, की मात्र हा शब्द घरोघर निराळ्याच काळजीने ऐकू येऊ लागतो. ‘पेशी किती आल्या?’ एवढा प्रश्न कानांवर पडला, की त्या घरात कोणाला तरी डेंग्यू झाला आहे हे न सांगता समजावे. ही पेशी संस्कृतातली आणि ती फारसी वळणाची. दोघींचे नाते काही नाही. धास्ती मात्र सारखीच!

वास्तविक रक्तात पेशी तीन प्रकारच्या. तांबड्या, पांढऱ्या, आणि रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट. बोलताना आपण या तिसरीलाच ‘पेशी’ म्हणतो. निरोगी माणसाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला त्या सुमारे दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या भराभर घसरतात. आकडा लाखाखाली आला की आत्याबाई पपईच्या पानांचा रस काढतात, मामा शेळीचे दूध शोधीत गावभर हिंडतात. आणखी खाली गेला की मोटार ठरवून मंडळी छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात.

हा आकडा बिनमहत्त्वाचा आहे असे मी म्हणत नाही. पण डेंग्यूतील मोठा धोका पुष्कळदा दुसऱ्याच आकड्यात लपलेला असतो. आणि गंमत अशी, की तोही त्याच कागदावर छापलेला असतो. आपली नजर तेवढी तिकडे जात नाही.

माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. गेल्या आश्विनात तो आणि त्याची धाकटी बहीण एकदमच आजारी पडली. बहिणीच्या प्लेटलेट अठ्ठावीस हजारांवर आल्या, तेव्हा सारे घर तिच्या खाटेभोवती गोळा झाले. या मुलाच्या नव्वद हजार होत्या, शिवाय पाचव्या दिवशी तापही उतरला. म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. स्वारी अंघोळ करून परीक्षेचा अर्ज भरावयास कॉलेजात आली आणि जिन्याच्या पायरीवरच बसली. पोटात कळ, दोनदा उलटी, हातपाय गार. आम्ही त्याला जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नवा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवला. पहिल्या दिवशी हिमॅटोक्रिट ४१ होते, आता ५० झाले होते. हिमोग्लोबिनही वाढलेले पाहून वडील म्हणाले, “म्हणजे रक्त वाढलंय ना, डॉक्टरसाहेब?” डॉक्टर म्हणाले, “रक्त नाही वाढलं, त्यातलं पाणी गळालंय.” आणि लगेच सलाईन लावले. दोन दिवसांनी मुलगा स्वतःच्या पायांनी घरी गेला. बहिणीला मात्र रक्तस्राव नव्हता, रक्त दाट झालेले नव्हते. तिला पेज-सरबत आणि विश्रांती यांपलीकडे काही लागले नाही.

‘पाणी गळाले’ म्हणजे काय, हे समजावयास स्वयंपाकघर पुरे. चुलीवरची आमटी आटली की दाट होते; डाळ काही वाढलेली नसते. डेंग्यूत काही रोग्यांच्या बारीक रक्तवाहिन्या सच्छिद्र होतात आणि रक्तातला पातळ भाग झिरपून छातीत, पोटात साचतो. मागे राहिलेले रक्त दाट होते. हिमॅटोक्रिट हे त्या दाटपणाचे माप. ते मूळच्यापेक्षा पंचमांशाने वाढले, तर गळती मोठी आहे असे समजतात. ही गळती बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसांत सुरू होते आणि एक-दोन दिवस टिकते. म्हणजे घरचे लोक जेव्हा हुश्श करतात, नेमका तोच काळ जागण्याचा! उलट प्लेटलेटच्या बाटल्यांचा आग्रह दर वेळी उपयोगी पडतोच असे नाही. सिंगापूर व मलेशिया येथे ३७२ प्रौढ रोग्यांवर केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आकडा वीस हजार वा त्याहून खाली असूनही रक्तस्राव नसलेल्यांना त्या आधीच देऊन रक्तस्राव टळला नाही.

परंतु हिमॅटोक्रिट वाढते तेव्हा गळती सुरू झालेलीच असते. डॉक्टरांना हवे असते ते आधीचे भाकीत. डेंग्यू आहे की नाही, हे सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे आहेत. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था त्यांपैकी एका चाचणीचे संच देशभर पुरविते. पण हा डेंग्यू पुढे कोणते वळण घेणार, हे त्या सांगत नाहीत. बहुतेक रोगी आपोआप बरे होतात, थोडे बिघडतात. ते थोडे कोणते?

यासाठी जगभर रक्तातल्या खुणा शोधल्या जात आहेत. रक्तवाहिनीला आतून मखमलीसारखे अस्तर असते. ते विरू लागले की ‘सिंडेकॅन-१’ नावाचा त्याचा धागा रक्तात सापडतो. कोटाचे अस्तर फाटले की खिशात दोरे सापडावेत, तसा. व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया आणि एल साल्व्हादोर या चार देशांतील ८३७ रोग्यांच्या, आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतील रक्तात अशा दहा खुणा मोजल्या गेल्या. त्यांत सिंडेकॅन होते, लोह साठविणारे फेरिटिन होते, दाह दाखविणारे सीआरपी होते. २०२१ साली निष्कर्ष आला तो असा, की एकटी कोणतीच खूण पुरेशी नाही. अनेक एकत्र पाहिल्या तर अंदाज अधिक बरा येतो, आणि मुलांसाठीचा संच मोठ्यांच्या संचाहून थोडा निराळा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ जनुकांच्या हालचालींवरून असेच भाकीत करून दाखविले. यांतले काहीही गल्लीतल्या प्रयोगशाळेत डेंग्यूचे भविष्य म्हणून अजून मिळत नाही.

मिळाले तर त्याचे मोल आमच्यासारख्या जिल्ह्याला सर्वांत अधिक. २०२४ साली जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट. तरीही मंठा-परतूरकडच्या बापाला तिसऱ्या दिवशी ठरवावे लागते, की पोराला घरी ठेवायचे, जालन्यास न्यायचे, की आणखी ६० किलोमीटर पुढे संभाजीनगर गाठायचे. मजुरी बुडते, उसनवारी होते. आणि न न्यावे तर जीव टांगणीला. रक्ताच्या एका थेंबाने ‘हा घरी बरा होईल, त्याला आजच हलवा’ एवढे सांगितले, तर किती घरे वाचतील!

तोवर आपल्या हाती आहे तेही थोडे नाही. पहिल्या दिवसाचा रक्ताचा कागद जपून ठेवावा. पुढच्या आकड्याला अर्थ येतो तो त्याच्याशी ताडून पाहिल्यावर. पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, दम लागणे, लघवी कमी होणे, कमालीची ग्लानी किंवा तगमग. यांतले एकही दिसले तर पेशींचा आकडा विचारीत बसू नये, डॉक्टर गाठावा. तापाला ॲस्पिरिनच्या जातीची गोळी मनाने देऊ नये. आणि सलाईनचा हट्टही धरू नये. तेही मोजूनच द्यावयाचे असते, कारण गळालेले पाणी पुढे आपोआप रक्तात परत येते. योग्य वेळी उपचार मिळाला, तर या आजारात दगावणारे शेकड्यात एकाहूनही कमी.

आणि मूळ तर अंगणातच आहे. पाण्याच्या टंचाईने आम्हा जालनेकरांना पिंप आणि टाक्या भरून ठेवण्याची सवय लावली, आणि डेंग्यूच्या डासाला असले साठविलेले पाणीच प्रिय. त्याची अंडी कोरड्या पिंपाच्या भिंतीलाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची भांडी घासून झाली, की पिंपही रिकामे करून आतून खसखसून घासावे, झाकावे, आणि दिवाळी सरल्यावरही आठवड्यातून एक दिवस ते कोरडे ठेवण्याचा नेम मोडू नये. बाकी पेशी कोणतीही असो, कोर्टातली काय की रक्तातली. वेळेवर हजर राहिलेले बरे!