शिदोरी आणि हिशोब : ओकायामाचा बेत आखताना

मराठी प्रवासवर्णनाला हिशोबाची लाज कधीपासून वाटू लागली, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात कोणी विचारत नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, त्यामागे देशाटनाची हौस नव्हती. घरावर कर्ज होते आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कानी आली होती. १९०७ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये त्यामुळे पैसा सतत डोकावत राहतो : मिळालेला, जपलेला आणि झाशीत लुटला गेलेला. सत्तावन्नच्या धामधुमीचा साक्षीदार म्हणून आपण हे पुस्तक शिकवतो. एका कर्जबाजारी भिक्षुकाचा जमाखर्च म्हणून ते क्वचितच वाचतो. पुढच्या काळात आपले प्रवासवर्णन जसजसे सुखवस्तू होत गेले, तसतसा त्यातला जमाखर्च मागे पडला. लेखक विमानतळावर उतरतो, भारावतो, तुलना करतो, गहिवरतो; पण त्या दिवशी त्याने काय खाल्ले आणि त्याचे किती पैसे दिले, हे बहुधा कळत नाही. आमचे म्हणणे असे की, हिशोब गेला तेव्हा त्याच्याबरोबर शहराची बरीचशी माहितीही गेली.

हा विषय निघण्याचे कारण असे : तिवस्यात बसून आम्ही सध्या जपानमधील ओकायामा या शहराचा, शक्य तितक्या कमी खर्चातला बेत आखत आहोत. दिवाळीची सुट्टी, सहा रात्री, एकच शहर. बेत आखताना ध्यानात आले की, काटकसर ही केवळ पैशाची अडचण नसून ती वाचनाची एक पद्धत आहे. ज्याच्यापाशी पैसा कमी, त्याला निवड करावी लागते. आणि निवड करायची तर आधी समजून घ्यावे लागते.

जपानची सहल म्हटली की आपल्याकडे एकच नमुना डोळ्यांपुढे येतो : आठ दिवसांत चार शहरे, बरोबर मराठी बोलणारा व्यवस्थापक आणि रात्रीच्या जेवणाला वरणभात. अशा सहलींना जाणाऱ्यांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. आयुष्यभर नोकरी करून साठीनंतर प्रथमच परदेशी निघालेल्या माणसाला पोटाची धास्ती वाटणे साहजिक आहे. पण साहित्याच्या शिक्षकांना एक साम्य दाखवून द्यावेसे वाटते. मूळ कादंबरी न उघडता बाजारातले ‘गाईड’ पाठ करून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यावर आपण वर्षभर चिडतो, आणि सुट्टी लागली की स्वतः गाईडच्या मागे चालत चार शहरांचे सारांश वाचून परततो. एक शहर आणि सहा दिवस हा त्यावरचा उतारा आहे. त्याला हवे तर निकट वाचन म्हणावे.

पण वऱ्हाडातल्या माणसांनी ओकायामाच का निवडावे? जपानशी आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. पापळचे पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री होते आणि भातशेतीच्या जपानी पद्धतीचा त्यांनी देशभर प्रसार केला. आमच्याच तालुक्यातल्या मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. उलट दिशेनेही एक माणूस आला. नागपूरच्या इंदोरा बुद्धविहाराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते भदंत शुरेई ससाई मूळचे ओकायामा प्रांतातले. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान तर ओकायामाच्याच कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे. ज्या लेखकाने ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान दाखवला, त्याचे नाव त्या उद्यानाला असावे, हा योग विलक्षण आहे.

आता खर्च. जुन्या माहितीच्या आधारे बेत आखणाऱ्यांना प्रथम एक इशारा : परदेशी प्रवाशांसाठीचा जपानी रेल्वेचा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. ‘पास काढा आणि देशभर फिरा’ हा सल्ला त्यामुळे काटकसरी माणसासाठी बाद झाला. साध्या गाड्यांसाठीचे प्रसिद्ध मोसमी तिकीट वसंत, उन्हाळा आणि हिवाळा या सुट्ट्यांतच चालते. आपल्या दिवाळीला ते उपयोगाचे नाही. पण एकाच शहरात राहायचे असेल तर या दोहोंचे अडतही नाही. ओसाकाला उतरून साध्या गाड्या बदलत गेले तर ओकायामा तीन तासांच्या आसपास आहे. बुलेट ट्रेनने पाऊण तास लागतो आणि भाडे जवळपास दुप्पट पडते. येन सध्या साठ पैशांच्या आसपास असल्याने तिथला रोजचा खर्च पूर्वीइतका भयंकर राहिलेला नाही. खरा भार विमानाच्या तिकिटाचा आणि मुक्कामाचा. तिकीट जितके आधी काढता येईल तितके बरे, आणि मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या साध्या अतिथिगृहात करावा. ओकायामाची पांढरी पीच फळे प्रसिद्ध आहेत, पण ती उन्हाळ्यातली. दिवाळीत ती मिळणार नाहीत, मात्र नवा तांदूळ नुकताच बाजारात आलेला असेल. आम्ही तांदळावर समाधान मानायचे ठरवले आहे.

तांदळाचे नाव निघाले म्हणून या शहराच्या खाण्याकडे वळतो. आमच्या बेताचा गाभा तोच आहे. ओकायामाचे सर्वांत थाटाचे पक्वान्न म्हणजे बाराझुशी. आंबवलेल्या चवीच्या भातावर मासे, भाज्या, अंडे, कमळाचे कंद अशी रंगीत आरास. या थाटाचा उगम मात्र काटकसरीत असल्याचे सांगतात. सतराव्या शतकात इकेदा मित्सुमासा या सरदाराने जेवणात एक सार आणि एकच पदार्थ असावा, असे फर्मान काढले. लोकांनी फर्मान पाळले, पण आपल्या रीतीने : सगळे जिन्नस भातात मिसळले किंवा भाताखाली दडवले, आणि पदार्थ एकच झाला. तेथे आजही अशी सुशीची पेटी मिळते की जी वरून साधी दिसते आणि ताटात उलटी केली की आतला ऐवज बाहेर येतो. ही कथा इतिहास म्हणून किती टिकेल ते इतिहासकारांनी पाहावे. लोककथा म्हणून ती अव्वल आहे. सत्तेने लादलेल्या काटकसरीला रयतेने दिलेले ते मिस्कील उत्तर आहे. आपल्याकडे गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात, त्या कोणाचे ताट भरलेले आणि कोणाचे रिकामे हे कळू नये म्हणून. तिकडे मिसळण्याचा हेतू लपवण्याचा, इकडे वाटण्याचा. दोन संस्कृतींचा तौलनिक अभ्यास करू इच्छिणाऱ्याला याहून रुचकर विषय मिळणे कठीण.

याच शहराची दुसरी खूण म्हणजे किबी दांगो. मोमोतारो हा पीच फळातून जन्मलेला मुलगा राक्षसांच्या बेटावर निघतो, तेव्हा त्याला घरून धान्याच्या गोळ्यांची शिदोरी मिळते. वाटेत कुत्रा, माकड आणि रानकोंबड्यासारखा एक पक्षी यांना त्यातला वाटा देऊन तो त्यांना सोबती करून घेतो. किबी म्हणजे आपल्या वरीच्या कुळातले भरड धान्य, आणि या प्रांताचे जुने नावही किबीच. आज दुकानांतून जो किबी दांगो मिळतो तो मुख्यतः चिकट तांदळाच्या पिठाचा. किबी त्यात नावापुरती उरली आहे. सोयाबीनच्या लाटेत ज्वारीचे शेत आणि ज्वारीची भाकर दोन्ही दुर्मीळ होताना पाहणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्याच प्रांतातल्या एका लहान माशाचे नाव ममाकारी. तो इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडून उसना आणावा लागतो, असा त्या नावाचा अर्थ लावतात.

येथे एक अडचण मोकळेपणाने मांडली पाहिजे. आमच्यातले काही जण माळकरी आहेत, आणि जपानी स्वयंपाकाचा पाया असलेल्या रश्श्यात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो; डोळ्यांना न दिसणारा मासा टाळणे अवघड. समुद्री शेवाळाच्या अर्कावर चालणारी झेन मठांची शाकाहारी परंपरा आहे, पण तिची उपाहारगृहे स्वस्त नसतात. मार्ग एकच : अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात नवा भात शिजवावा, बाजारातून टोफू, लोणची, हिरव्या भाज्या आणाव्यात, बरोबर तिवस्याचा ठेचा असावा. जे खातात त्यांनी संध्याकाळी दुकानांत उतरत्या भावाने मिळणारे तयार डबे घ्यावेत आणि बाराझुशीसाठी एक दुपार राखून ठेवावी. बरोबर वरणभात नेणाऱ्या सहलीवर टीका करून आम्ही ठेचा नेतो, यात विसंगती दिसेल. फरक एवढाच की हा ठेचा तिथल्या भाताशी जेवला जाईल, आणि भाजीवाल्या बाईंशी दोन शब्द बोलल्याविना ती भाजी मिळणार नाही.

पाहण्याच्या जागा मोजक्याच निवडल्या आहेत. १७०० साली पूर्ण झालेले कोराकुएन हे सरदाराचे उद्यान, पण त्याच्या आत भाताचे खाचर आणि चहाचा मळा राखलेला आहे. ऐश्वर्याच्या मधोमध शेत ठेवण्यामागे काय विचार असेल, यावर तेथे बसून बोलता येईल. शहराबाहेरची शिझुतानी शाळा मित्सुमासानेच १६७० साली सामान्य रयतेच्या मुलांसाठी काढली. एक सार आणि एक पदार्थ सांगणारा माणूस शाळेला मात्र हात आखडत नाही, हे शिक्षकांनी पाहण्याजोगे आहे.

तिसरी जागा किबित्सुचे देवस्थान. तेथे कढईवर तांदूळ वाफवतात आणि कढई गुंजते की नाही यावरून शकुन पाहतात. पुजारी अर्थ सांगत नाही. आवाज ऐकणाऱ्याने आपला कौल आपणच लावायचा. उएदा अकिनारीच्या ‘उगेत्सु मोनोगातारी’ (१७७६) या कथासंग्रहातली एक कथा याच कढईवर उभी आहे : लग्नाआधी कढई मुकी राहते, घरची माणसे तो कौल डावलतात, आणि पुढे फसवल्या गेलेल्या पत्नीचा सूड सुरू होतो. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पाऊसपाण्याचे भाकीत करतात. त्या भाकितावर वर्तमानपत्रांत बातमी येते, विवेकवादी मंडळी योग्य तो आक्षेप घेतात. पण भेंडवळच्या घटाला त्याचा अकिनारी भेटलेला नाही. श्रद्धा खरी की खोटी या वादाच्या पलीकडे साहित्याला त्या मुक्या कढईत काय ऐकू आले, हे आम्हाला तेथे जाऊन पडताळायचे आहे.

आमच्या म्हणण्याला छेद देणारा एक लेखकही याच शहरातला आहे. उचिदा ह्याक्केन, जन्म १८८९, नात्सुमे सोसेकीचा शिष्य. कुरोसावाचा ‘मादादायो’ (१९९३) हा चित्रपट त्याच्यावरच बेतलेला. उतारवयात त्याने रेल्वेप्रवासाचे जे लेख लिहिले त्यांत तो काहीही काम नसताना गाडीत बसतो, आणि बसायचे तर पहिल्या वर्गातच, म्हणून पैसे उसने आणतो. काटकसरीच्या सगळ्या तत्त्वज्ञानावर हे थंड पाणी आहे. पण बारकाईने पाहिले तर ह्याक्केनही हिशोब लपवत नाही. पैसे कोठून आणायचे हाच त्याच्या विनोदाचा विषय असतो. गोडसे भटजी कर्ज फेडण्यासाठी निघाले, हा कर्ज काढून निघाला. दोघांच्याही प्रवासाला त्यामुळे वजन आहे. आम्ही कर्ज न काढता भिशी लावली आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जापायी जीव देतो, तेथे ‘स्वस्तातला जपान’ हा शब्दप्रयोगच उद्धट नाही का? आहे. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना विमानाचे तिकीटसुद्धा परवडणार नाही, आणि भिशी हे त्यावरचे उत्तर नव्हे. पण म्हणून जग त्यांच्यासाठी नाहीच असे मानणे हा दुसरा अन्याय. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची असल्याचे सांगतात. महिनाभराहून अधिक काळ पायी चालणाऱ्या त्या माणसांना शिदोरी, मुक्काम, पाणी, पाऊस यांचा चोख हिशोब असतो. कमी पैशांत दूर जाण्याचे शास्त्र या तालुक्याला कोणी शिकवायला नको. त्या हिशोबाला आपण साहित्य मानले नाही, एवढेच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णन हा प्रकार शिकवताना प्रत्येक विद्यार्थ्याने एका शहराचा पूर्ण बेत आखावा : भाडे, मुक्काम, तीन वेळचे खाणे, आणि जाण्यापूर्वी वाचायची दोन पुस्तके. शहर ओकायामा असो की अचलपूर. ज्याला जाता येईल त्याने जावे, आणि परत आल्यावर लिहिताना खर्चाचे पान फाडू नये. आम्हीही ते पान येथे छापू. त्यात ठेच्याच्या मिरच्यांचा भावही असेल.